बोलू न शकणाऱ्या भावाची दाढ दुखत आहे आणि सगळीकडे ‘नंतर या’ असे सांगतात, काय करावे?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एक बहीण, जून २०२१

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणे) आहे. तो चाकाच्या खुर्चीत असतो आणि शब्दांत बोलू शकत नाही, मात्र आपण बोललेले सर्व त्याला समजते. फिट येऊ नयेत म्हणून तो लहानपणापासून फेनिटॉइन घेतो. गेल्या काही वर्षांपासून त्याच्या जोडीला व्हॅल्प्रोएटही सुरू आहे. त्याच्या हिरड्या वाढून जवळजवळ अर्ध्या दातांवर चढल्या आहेत, दात घासताना रक्त येते आणि काही दाढा किडलेल्या आहेत.

मार्च २०२० मध्ये शहरातील एका रुग्णालयात पूर्ण भूल देऊन त्याच्या दातांची सर्व कामे एकाच वेळी उरकण्याचे ठरले होते. टाळेबंदी लागली आणि ते रद्द झाले. नंतर पुन्हा तारीख मिळाली, तर दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये आमच्या घरातील सर्वांना कोविड झाला. भावाला सौम्य होता आणि तो घरीच बरा झाला. त्याला स्टेरॉइड द्यावे लागले नाही.

आता तो उजव्या बाजूनेच चावतो, लाळ नेहमीपेक्षा जास्त गळते आणि रात्री झोपेतून उठून डाव्या गालावर हाताने मारून घेतो. गावातील एका दवाखान्याने ‘कोविड संपल्यावर आणा’ असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी न पाहताच फोनवरून प्रतिजैविके लिहून दिली. ती संपली की त्रास पुन्हा सुरू होतो. आईचे वय पाहता तिलाही जास्त धावपळ झेपत नाही. त्याला मास्क सहन होत नाही, त्यामुळे त्याला बाहेर न्यायला आई घाबरते. शिवाय कोविडनंतर होणाऱ्या काळ्या बुरशीच्या संसर्गाच्या बातम्यांत दात दुखण्याचा उल्लेख असल्याने ती आणखी धास्तावली आहे.

अजून थांबणे धोक्याचे आहे का? घरी काय करता येईल? पूर्ण भूल न देता काही उपचार शक्य आहेत का? आणि आम्हाला असे परत पाठवणे कायद्यात बसते का?

उत्तर : बालदंतवैद्य, कोल्हापूर

ताई, आपण लिहिलेली लक्षणे थांबण्याजोगी नाहीत. एका बाजूने चावणे, लाळ वाढणे, रात्री उठून गालावर मारून घेणे ही न बोलणाऱ्या माणसाने दिलेली दाढदुखीची तक्रारच आहे, आणि झोपेतून उठवणारी कळ बहुधा दाताच्या आतील नसेपर्यंत कीड पोहोचल्याचे दाखवते.

सुरुवातीला उपचार पुढे ढकलण्यामागे कारण होते. एअरोटर (दात कोरण्याचे वेगवान यंत्र), अल्ट्रासॉनिक स्केलर (दातांवरचा थर काढणारे यंत्र) आणि हवा-पाण्याची पिचकारी यांमुळे लाळमिश्रित तुषार खोलीभर पसरतो. म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२० मध्ये दंतवैद्यांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद ठेवण्यास, रेड झोनमध्ये (संसर्गाचा जास्त धोका असलेल्या जिल्ह्यांत) केवळ तातडीचे उपचार करण्यास आणि रुग्णाची आधी फोनवर चौकशी करण्यास सांगितले होते. परंतु तातडीचे काय आणि नसलेले काय, हे आम्ही रुग्णाच्या तोंडून ऐकून ठरवतो: कळ कधी येते, किती वेळ टिकते, गरम-थंड लागते का. जो हे सांगू शकत नाही त्याचे दुखणे फोनवरच्या प्रश्नांत सापडत नाही आणि तो आपोआप ‘नंतर या’च्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून आपण फोन करताना ‘दात तपासायचे आहेत’ असे म्हणू नका. ‘रात्री झोप मोडते, खाणे कमी झाले आहे, प्रतिजैविके घेऊनही त्रास परतला आहे’ असे स्पष्ट सांगा.

गालाची किंवा जबड्याखालची सूज डोळ्याकडे अथवा गळ्याकडे सरकत असेल, ताप येत असेल, तोंड उघडता येत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दवाखान्याची वेळ न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे कोविडची भीती दुय्यम आहे.

प्रतिजैविकांबद्दल थोडे कडक लिहितो. किडून मेलेल्या नसेपर्यंत औषध पोहोचत नाही. दाढेवर उपचार होत नाहीत किंवा ती काढली जात नाही तोवर जंतूंचे घर तसेच राहते. त्यामुळे सूज किंवा ताप नसताना पुन्हा पुन्हा गोळ्या देणे हा उपचार नव्हे. फिटची औषधे घेणाऱ्यांत तर प्रत्येक नवी गोळी तपासून द्यावी लागते. आपल्याकडे दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या काही मिश्र गोळ्यांत ट्रॅमाडॉल असते आणि त्याने फिट येण्याची शक्यता वाढते. कार्बामाझेपिन हे फिटचे औषध घेणाऱ्यांना एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके दिल्यास कार्बामाझेपिनचे रक्तातील प्रमाण धोकादायक रीतीने वाढू शकते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांनी ॲस्पिरिन टाळावे. तात्पुरते दुखणे शमवण्यासाठी वजनानुसार योग्य मात्रेत पॅरासिटामॉल हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे. लवंगेचे तेल हिरडीला भाजते आणि भाजले हे सांगता न येणाऱ्या माणसाला ते लावू नये. आपल्या भागात हिरडी दुखली की मशेरी चोळण्याची सवय अजून आहे. ती तर अजिबात नको.

हिरड्या वाढण्यामागे फेनिटॉइन हे कारण बहुधा आहेच. मात्र हे औषध स्वतःहून बंद किंवा कमी करू नका, अचानक बंद केल्यास फिटचा मोठा झटका येऊ शकतो. ‘हिरड्या वाढल्या आहेत, पर्यायी औषध शक्य आहे का’ हा प्रश्न मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर विचारावा. अशी वाढ तोंडात साचलेल्या थरामुळे अधिक बळावते, म्हणून दात स्वच्छ ठेवल्यास ती काही प्रमाणात आटोक्यात येते.

घासण्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण घरचे अर्धे काम तेच आहे. भावाला सपाट झोपवून दात घासू नका. पाणी आणि लाळ श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. खुर्ची किंचित मागे कलती ठेवा, गुडघ्यांखाली उशी द्या म्हणजे पाय ताठरून अंग मागे फेकले जाणार नाही, आणि मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीशी किंवा हाताच्या कवेत मधोमध धरा. तोंडात समोरून एकदम ब्रश घातला की सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांचे दात प्रतिक्षिप्तपणे घट्ट मिटतात. त्यामुळे ओठाच्या कोपऱ्यातून ब्रश गालाच्या आत सरकवावा आणि आधी बाहेरच्या बाजूने घासावे. ब्रश चावला गेला तर ओढू नये, तो सैल होईपर्यंत थांबावे. आतली बाजू घासताना आमच्याकडील जीभ दाबण्याच्या लाकडी पट्ट्या गॉझमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बांधून दाढांमध्ये धरता येतात. आपले बोट मात्र दातांमध्ये कधीही घालू नये. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी. त्याला चूळ भरता येत नसेल तर त्याहूनही कमी घ्यावी आणि नंतर ओल्या गॉझने फेस पुसून काढावा. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका, थांबवल्यास ते वाढते. रात्रीचे औषध गोड सिरप असेल तर ते घासण्याच्या आधी द्या. गोळीत बदल करून घेता आल्यास उत्तम, पण व्हॅल्प्रोएटच्या काही गोळ्या कुटून द्यायच्या नसतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी फोडू नये.

आता पूर्ण भुलीचा प्रश्न. सर्वच कामांना ती लागत नाही. हाताने चालवायच्या अवजारांनी दात साफ करता येतात, त्यात तुषार फारसा उडत नाही. जागा बधिर करून चिमट्याने दाढ काढतानाही, हाड कापावे लागले नाही तर, एअरोटरची गरज पडत नाही. ज्या दाढांची कीड नसेपर्यंत गेलेली नाही त्यांवर कीड रोखणारे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावता येते. छोट्या ब्रशने थेंबभर औषध, साधारण मिनिटभराचे काम, ना सुई ना यंत्र. मऊ कीड हाताने खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या ठिकाणांसाठी विकसित झाली होती. महामारीत तिची आठवण आम्हा शहरी दंतवैद्यांनाही झाली. मात्र ज्या दाढेमुळे तो रात्री उठतो तिला यांपैकी काही पुरणार नाही. ती बहुधा काढावी लागेल किंवा तिचे रूट कॅनाल करावे लागेल. दाढ काढण्यापूर्वी प्लेटलेटसह (रक्त गोठवणाऱ्या पेशींसह) रक्ततपासणी करून घ्यावी, कारण व्हॅल्प्रोएटमुळे काहींत प्लेटलेट कमी होतात.

काळ्या बुरशीबद्दल : अनियंत्रित मधुमेह आणि कोविडच्या उपचारांत मिळालेली स्टेरॉइडे असलेल्या रुग्णांत तिचा धोका मुख्यतः दिसला आहे. वरच्या जबड्यातील चांगले दात अचानक हलू लागणे, गाल बधिर होणे, टाळू काळपट पडणे, नाकातून काळसर स्राव येणे आणि डोळ्याभोवती सूज ही तिची लक्षणे. यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. भावाला स्टेरॉइड दिलेले नाही, मधुमेहाचा आपण उल्लेख केलेला नाही आणि दाढा आधीपासून किडलेल्या आहेत. तेव्हा आईंना धीर द्यायला हरकत नाही.

शेवटी एक विचारतो. त्याला सर्व समजते असे आपण लिहिले आहे. कोणती दाढ दुखते हे त्याला विचारून पाहिले का?

उत्तर : डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाची आई, ठाणे

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू लिहिलीच आहे, मी फक्त दवाखान्यापर्यंत पोहोचण्याबद्दल लिहिते. माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोममध्ये दातांना कीड तुलनेने कमी लागते, पण हिरड्यांचा आजार लवकर आणि जोरात होतो. त्यात त्याच्या हृदयाला जन्मतः दोष आहे. ज्यांना असा दोष आहे त्यांच्या पालकांनी हिरडी किंवा दाताच्या कामाआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे, कारण काही विशिष्ट दोषांत उपचारापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा द्यावी लागते. तसेच डाऊन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात, त्यामुळे खुर्चीत डोके जोराने मागे वाकवू नका असे आधीच सांगून ठेवावे.

आमची खरी अडचण पीपीई किट ही होती. ज्या डॉक्टरांना तो नावाने ओळखत होता त्यांना पांढऱ्या पोशाखात, चष्मा आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल लावलेले पाहून तो दारातूनच मागे फिरला. नंतर डॉक्टरांनी आपला साध्या कपड्यांतील फोटो आणि किट चढवतानाचा छोटा व्हिडिओ पाठवला. आम्ही तो घरी रोज दाखवत गेलो, मीही जेवणाच्या टेबलाशी ढाल लावून बसले, मग तो आत गेला. पहिल्या भेटीत केवळ खुर्चीत बसून परत येणे एवढेच ठरवले होते आणि तेवढेच केले. महामारीत एखादी भेट काहीही उपचार न करता ‘वाया घालवणे’ चैनीचे वाटते, पण अशा मुलांच्या बाबतीत पुढचे सर्व काही त्या भेटीवर अवलंबून असते.

वेळ सकाळची पहिली मागावी. रात्रभर खोली मोकळी असते, बाहेर गर्दी नसते आणि मास्क न लावू शकणाऱ्या माणसाला रिक्षात किंवा गाडीतच बसवून थेट खुर्चीपर्यंत नेता येते.

अजून एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. काळजी घेणारी व्यक्तीच रुग्णालयात दाखल झाली तर दात कोण घासणार? दुसऱ्या लाटेत आमच्या ओळखीच्या घरांत हे घडले. आई विलगीकरणात गेली आणि मावशी किंवा शेजारी मुलाला जेवू घालत राहिले, पण तो घास गालात साठवून ठेवतो आणि जेवणानंतर तोंड पाहावे लागते हे कुणाला माहीत नव्हते. म्हणून एका पानावर मोठ्या अक्षरांत सर्व लिहून फ्रिजवर लावावे: कोणत्या बाजूने उभे राहायचे, ब्रश कोणता, किती पेस्ट, तो कधी चावतो, दुखते तेव्हा काय करतो.

उत्तर : कर्णबधिर वाचक, नाशिक

मी ओठ वाचून संवाद साधतो. मास्क आल्यापासून दवाखाना माझ्यासाठी मुका झाला आहे. मूळ प्रश्नापेक्षा माझी बाब वेगळी असली तरी इतर वाचकांना उपयोग होईल म्हणून लिहितो.

पहिली अडचण दाराशीच येते. बहुतेक ठिकाणी आधी फोन करा असे सांगतात आणि कर्णबधिर माणसासाठी फोन हाच अडथळा आहे. संदेश पाठवून वेळ ठरवण्याची सोय करणे कोणत्याही दवाखान्याला अवघड नाही, तिचा आग्रह धरावा. दुसरे असे की डॉक्टरांनी मास्क काढावा अशी अपेक्षा मी करत नाही. नुसती पारदर्शक ढाल पुरेशी सुरक्षित नाही आणि पारदर्शक मास्कवर वाफ साचते. त्याऐवजी काय करणार हे त्यांनी आधीच कागदावर लिहून दिले, प्रत्येक अवजार वापरण्यापूर्वी दाखवले आणि मी डावा हात वर केला की थांबायचे असे ठरवले, तर काम भागते. मोबाईलवर बोललेले लिहून दाखवणारे ॲपही चालते, पण मास्कमागचा आवाज आणि लाळ ओढणाऱ्या नळीचा (सक्शनचा) घरघराट यांत ते बरेच चुकते, म्हणून होकार-नकाराच्या गोष्टी त्यावर सोडू नयेत. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते यंत्रांचा आवाज सुरू होण्यापूर्वी काढून डबीत ठेवावे. मास्कची दोरी काढताना ते ओढले जाऊन हरवल्याची उदाहरणे आमच्या गटात बरीच आहेत.

आणि प्रश्न मला विचारावेत, सोबत आलेल्याला नव्हे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी शेवटी जे विचारले आहे ते वाचून बरे वाटले.

उत्तर : विशेष गरजांच्या दंतविभागातील परिचारिका, लीड्स

मी मूळची साताऱ्याची असून गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये काम करते. येथे दिव्यांग आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेषज्ञ शाखा २००८ पासून मान्यताप्राप्त आहे, तरीही महामारीत चित्र फार वेगळे नव्हते, हे सांगण्यासाठी लिहीत आहे. २५ मार्च २०२० रोजी इंग्लंडमधील नेहमीची दंतसेवा थांबवण्यात आली आणि ८ जूनपासून दवाखाने पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली. मधल्या काळात फोनवर सल्ला, वेदनाशामक आणि प्रतिजैविक एवढेच मिळत होते. त्यापलीकडचे रुग्ण तातडीच्या ठरावीक केंद्रांत पाठवले जात. दवाखाने उघडल्यावरही भूल देऊन करायच्या कामांच्या याद्या लांबतच गेल्या, कारण भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहे कोविडच्या अतिदक्षता विभागांसाठी वळवली होती.

आम्हाला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे रुग्णाचे छायाचित्र. फोनवरच्या वर्णनापेक्षा दोन चांगले फोटो जास्त सांगतात. खिडकीजवळच्या उजेडात, एकाने स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गाल हळूच बाजूला धरावा, दुसऱ्याने मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढावा आणि शक्य असल्यास तिसऱ्याने दुसऱ्या मोबाईलचा प्रकाश तिरका पाडावा. समोरून फ्लॅश मारला की ओल्या दातांवर फक्त चकाकी येते, शिवाय काहींना तो लखलखाट सहन होत नाही. जेवताना, विशेषतः दुखरी बाजू टाळताना, घेतलेला छोटा व्हिडिओही जोडावा. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो व्हिडिओ माझ्या मते एक्स-रेइतकाच बोलका पुरावा आहे.

ठाण्याच्या ताईंनी सांगितलेल्या पानाला येथे रुग्णालयाचा पासपोर्ट म्हणतात आणि तो रुग्णासोबत सगळीकडे जातो. त्यात औषधांची नावे आणि मात्रा, शेवटची फिट कधी आली आणि ‘होय’ व ‘नाही’ तो कसे सांगतो हेही लिहावे.

प्रश्नकर्ती :

सर्वांचे मनापासून आभार. भावाला विचारले. ‘होय’ म्हणताना तो वर पाहतो. आरशासमोर एकेका दाढेजवळ बोट नेत गेलो तेव्हा डाव्या बाजूच्या खालच्या शेवटच्या दाढेला त्याने लगेच वर पाहिले. आमचा सर्वांचा समज वरची दाढ दुखत असावी असा होता.

फोटो आणि व्हिडिओ पाठवल्यावर मिरजेतील एका दंतवैद्यांनी सकाळची पहिली वेळ दिली. त्यांनी खुर्चीवरून न उतरवताच तपासले. ती दाढ काढावी लागेल, हिरड्या हाताच्या अवजारांनी टप्प्याटप्प्याने साफ करू आणि इतर दाढांवर सिल्व्हरचे औषध लावू, असे ते म्हणाले. मात्र त्याच्या अनपेक्षित हालचाली पाहता दाढ रुग्णालयात, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढणे त्यांना योग्य वाटते. एप्रिलमध्ये कोविड होऊन गेल्यामुळे भुलीला धोका आहे का? सिल्व्हरच्या औषधाने दात काळे पडतात असे वाचले, ते कायमचे असते का? आणि खर्चाचे काय?

उत्तर : बालदंतवैद्य, कोल्हापूर

मिरजेतील सहकाऱ्यांचा निर्णय योग्य आहे. गिळण्याची अडचण आणि फिट असलेल्या रुग्णाला साध्या दवाखान्यात गुंगीचे औषध देणे मीही टाळले असते.

मार्च २०२१ मध्ये अनेक देशांतील रुग्णांचा मिळून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार कोविडनंतर किमान ७ आठवडे गेल्यावर शस्त्रक्रिया केल्यास धोका पुष्कळ कमी होतो. लक्षणे रेंगाळत असतील तर त्याहून जास्त थांबावे लागते. एप्रिलपासून हा काळ आता भरत आला आहे. नेमकी तारीख भूलतज्ज्ञांना सांगा, त्याचा खोकला किंवा धाप पूर्ण गेली आहे का तेही सांगा. फिटची सकाळची गोळी उपाशीपोटीच्या सूचनेमुळे चुकवायची नसते. ती कशी द्यायची हे आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि भूल दिलेलीच आहे तर त्याच वेळी हिरड्यांची सफाई, एक्स-रे आणि शक्य असतील ती सर्व कामे उरकून घेण्याचा आग्रह धरा, कारण अशी संधी पुन्हा कधी मिळेल हे आजच्या परिस्थितीत कुणीच सांगू शकत नाही.

सिल्व्हरच्या औषधाने किडलेला भाग कायमचा काळा होतो, निरोगी भाग नाही. मागच्या दाढांवर ते दिसत नाही. पुढच्या दातांवर लावायचे झाल्यास त्याला आरसा दाखवून विचारा. ओठाला किंवा त्वचेला लागलेला डाग काही दिवसांत जातो. चांदीची ॲलर्जी असल्यास ते वापरत नाहीत.

दाढ काढल्यानंतरचे काही तास ओठ आणि जीभ बधिर असते आणि असे रुग्ण नकळत ओठ चावून मोठी जखम करून घेतात. तोवर कुणीतरी शेजारी बसावे, खायला देऊ नये आणि जखमेवरचा गॉझ तो गिळणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

उत्तर : चाकाच्या खुर्चीवरून, पुणे

कायद्याचा प्रश्न राहिला होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये शासकीय आणि खाजगी रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश तसेच तपासणी व उपचारांत प्राधान्य यांसाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. कलम ८ आपत्तीच्या काळातील संरक्षणाबद्दल आहे. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने मार्च २०२० मध्येच कोविड काळासाठी दिव्यांगांच्या संरक्षणाच्या सूचना राज्यांना पाठवल्या होत्या. परंतु कलम २५ चा रोख शासनावर आहे. गल्लीतील एकट्या दंतवैद्याच्या दवाखान्यात ते कलम फडकावून उपयोग होत नाही, उलट दार कायमचे बंद होते. शासकीय किंवा पालिकेच्या रुग्णालयात मात्र प्राधान्याची लेखी मागणी करावी, अर्जाची पोच घ्यावी आणि दाद मिळाली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. पोच असलेल्या अर्जाला उत्तर मिळते, तोंडी विनवणीला मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. कोल्हापूर-सांगली भागाला शासकीय दंत महाविद्यालय जवळ नाही, ही खरी उणीव आहे. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ती आहेत.

खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना पाहावी. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते, नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि बाह्यरुग्ण खर्चात दातांच्या प्रतिबंधात्मक उपचारांचाही समावेश आहे. प्रत्येक शीर्षाला वेगळी मर्यादा असल्याने, दाढ काढण्याचा आणि भुलीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली बसतो हे नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून दाखल होण्याआधी विचारून घ्या. पैसे आधी भरून नंतर परतावा मागावा लागतो, त्यामुळे मूळ बिले, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांच्या प्रती रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वीच जुळवून ठेवाव्यात.

आणखी एक. भाऊ सज्ञान असल्याने भुलीच्या संमतीपत्रावर सही कुणाची, असा प्रश्न रुग्णालयात ऐन वेळी निघतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळू शकते, पण त्याला वेळ लागतो आणि सर्वांनाच त्याची गरज नसते. रुग्णालयाला काय चालेल हे तारीख घेतानाच विचारा. तो वर पाहून ‘होय’ म्हणतो हे संमती घेणाऱ्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा आणि केसपेपरवर तशी नोंद करून घ्या.